राखणदार

टीकाकाराचा धंदा तसा सोयीचा आहे. समोर काहीतरी घडून गेलेले असते. कविता छापून आलेली असते, नाटकाचा पडदा पडलेला असतो, गवयाने भैरवी आटोपून तंबोरे गवसणीत घातलेले असतात. जे घडले त्याचे वजन करावयाचे, एवढेच त्याचे काम. पण ज्या कलावंताची सारी कमाई ‘काही घडू दिले नाही’ एवढ्या चार शब्दांत मावते, त्याच्या कारकिर्दीचे मोल कसे ठरवावयाचे? फुटबॉलच्या मैदानावर असा एक कलावंत असतो. इतर दहा जण पळत असतात तेव्हा तो बहुधा उभा असतो. त्याचा अंगरखाही निराळ्या रंगाचा. चेंडूला हात लावणे हा इतर दहा जणांचा गुन्हा, आणि तोच याचा धर्म. वृत्तपत्रांनी त्याला ‘गोलरक्षक’ असे भारदस्त नाव दिले आहे. पोरे त्याला नुसते ‘गोली’ म्हणतात, आणि ज्याला पळता येत नाही त्याला त्या जागी उभे करतात.

अशा एका कारकिर्दीविषयी मला लिहावयाचे आहे. ती आहे गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर यांची. मी राहतो तळवड्यास, म्हणजे देहू आणि आळंदी यांना जोडणाऱ्या रस्त्यावर, इंद्रायणीच्या काठी. एका अंगाला संगणकाच्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि दुसऱ्या अंगाला पत्र्याच्या शेडमधले लेथ. इथल्या माणसाने गोव्याच्या गोलरक्षकाची उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे. उभी हयात मी कारखान्याच्या तपासणी खात्यात काढली. हातात गेज घेऊन माल पाहणे आणि वाईट तुकडा दाराबाहेर जाऊ न देणे, हे माझे काम. महिनाभर एकही तुकडा गिऱ्हाइकाकडून परत आला नाही की साहेब विचारीत, “मग हे खाते एवढे मोठे कशाला?” आणि एखादा परत आला की विचारीत, “मग हे खाते करते तरी काय?” ज्याने हे दोन्ही प्रश्न ऐकले आहेत, त्याला गोलरक्षकाविषयी ममत्व वाटले तर नवल नाही. मात्र ममत्व म्हणजे टीका नव्हे, हेही मला ठाऊक आहे. तेव्हा आधी हकिकत.

शंखवाळकरांचा जन्म १९५४ चा, पणजीला लागून असलेल्या ताळगावचा. गोवा मुक्त झाला तेव्हा ते सात वर्षांचे होते. त्यांचा पहिला नाव घेण्यासारखा क्लब पनवेल स्पोर्ट्‌स क्लब. हे पनवेल आपल्या रायगडातले नव्हे, गोव्यातले. पुढे त्यांच्या उमेदीची बहुतेक वर्षे वास्कोच्या साळगावकर संघात गेली, आणि उतरत्या काळात ते चर्चिल ब्रदर्स व अँडरसन मरीन या संघांतून खेळले. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यावर ते भारताचे कर्णधार होते. १९८३ साली संतोष करंडकाच्या अंतिम लढतीत गोवा आणि बंगाल समोरासमोर आले. गोल कोणाचाच झाला नाही, आणि करंडक दोघांनी वाटून घेतला. गोव्याचे ते पहिले राष्ट्रीय विजेतेपद. पुढच्याच वर्षी, १९८४ साली, गोव्याने तो एकट्याने जिंकला, आणि साऱ्या स्पर्धेत एकही गोल अंगावर घेतला नाही. संतोष करंडकात सलग ५७६ मिनिटे गोल न होऊ देण्याचा विक्रम शंखवाळकरांच्या नावावर आहे. १९९७ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि २०२२ साली पद्मश्री.

हकिकत इतकीच. एखाद्या सेंटर फॉरवर्डची कारकीर्द सांगावयाची असती, तर या परिच्छेदात गोलांची माळ ओवता आली असती. अमक्या मिनिटाला, तमक्या पायाने, डाव्या कोपऱ्यात. इथे माळेत ओवावयाला मणीच नाहीत. ५७६ मिनिटे, म्हणजे साडेनऊ तासांहून अधिक काळ, काहीही झाले नाही.

गोव्यात आणि दक्षिण कोकणात गावोगाव एक राखणदार मानतात. तो रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो, त्याच्या काठीचा आवाज येतो, असे म्हातारी माणसे सांगतात. श्रद्धा खरी की खोटी हा प्रश्न येथे नाही. त्या श्रद्धेतली एक गोष्ट मात्र विचार करण्याजोगी आहे. गाव सुखाने झोपले, हाच राखणदार जागा असल्याचा पुरावा. मला वाटते, गोलरक्षकाच्या टीकेची सुरुवात या पुराव्यापासून व्हावयास हवी. प्रत्यक्षात ती होते झेपेपासून.

झेप डोळ्यांना सुखावते हे नाकारण्यात अर्थ नाही. माणूस हवेत आडवा होतो, बोटांच्या टोकांनी चेंडू खांबाबाहेर जातो, आणि प्रेक्षकांच्या तोंडून आपोआप दाद निघते. वृत्तपत्रांना छायाचित्र मिळते ते याच क्षणाचे. म्हणून सामान्य समज असा झाला आहे, की जो अधिक उडतो तो मोठा गोलरक्षक. हा समज तपासून पाहू.

फुटबॉलचा गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच असतो. म्हणजे १९२ चौरस फूट. आमच्याकडे भाड्याच्या खोलीत याहून कमी जागेत चौघांचा संसार मावतो. एवढी उघडी भिंत दोन हातांच्या एका माणसाने झाकावयाची आहे. ती उडून झाकता येणे कठीण. ती झाकता येते ती उभे राहण्याच्या जागेने. दिवाळीत पणतीपुढे हात धरून पाहा. हात भिंतीजवळ असला की सावली हाताएवढीच पडते. तो पणतीजवळ नेला की सारी भिंत काळी होते. चेंडू मारणारा ही पणती, गोल ही भिंत, आणि गोलरक्षक हा मधला हात. तो दोन पावले पुढे आला की मारणाऱ्याला दिसणारा गोल आपोआप लहान होतो. फार पुढे आला तर मात्र चेंडू डोक्यावरून जातो. ही दोन पावले केव्हा टाकावी, कोणत्या अंगाला टाकावी आणि केव्हा मुळीच टाकू नये, यात त्या कलेचे नव्वद टक्के मर्म आहे. जो योग्य जागी उभा आहे त्याच्या छातीवर चेंडू येऊन आदळतो, आणि पाहणारे म्हणतात, “मारणाऱ्याने सरळ अंगावरच मारला!” पुष्कळदा झेप ही दोन पावले चुकल्याची भरपाई असते. ती भरपाईही थोर असू शकते. पण तिला मूळ भांडवल समजण्यात घोटाळा आहे.

उडीचा मोह प्रेक्षकांनाच असतो असेही नाही. पेनल्टीचा चेंडू गोलापासून ११ मीटरवर ठेवतात. ताशी ९० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत गोलात पोहोचतो, तेव्हा पाहून उडण्यास वेळच नसतो. काही इस्रायली संशोधकांनी २००७ साली वरच्या दर्जाच्या सामन्यांतील २८६ पेनल्टी किकचा अभ्यास प्रसिद्ध केला. गोलरक्षक ९४ टक्के वेळा डावीकडे किंवा उजवीकडे उडाले होते. जे थोडे मध्येच उभे राहिले, त्यांनी सुमारे तिसरा हिस्सा चेंडू अडवले होते. उडणाऱ्यांना सातांतला एकच काय तो अडवता आला होता. मग सगळे मध्ये का उभे राहत नाहीत? संशोधकांचे म्हणणे असे, की उडून गोल झाला तर लोक ‘बिचाऱ्याने प्रयत्न केला’ म्हणतात, आणि उभे राहून झाला तर ‘खांबासारखा उभा राहिला’ म्हणतात. अर्थात, सगळेच मध्ये उभे राहू लागले तर मारणारेही मध्ये मारणार नाहीत. तेव्हा हा आकडा म्हणजे गुरुमंत्र नव्हे. पण प्रेक्षकाच्या नजरेचे ओझे गोलरक्षकाच्या पायांवर किती पडते, हे त्यावरून दिसते. वाईट टीका वाईट कला जन्माला घालते, असे आपण साहित्यात म्हणतो. इथे ते मोजून दाखवता येते.

झेप बाजूला ठेवली की टीकाकाराच्या हाती आकडा उरतो. तोही निर्दोष नाही. ५७६ मिनिटांचा विक्रम शंखवाळकरांच्या नावावर असला, तरी तो एकट्याचा म्हणणे न्यायाचे होणार नाही. गोव्याच्या त्या संघात बचाव करणारे होते, चेंडू मध्यावरच हिसकावून घेणारे होते. गोलरक्षकापर्यंत चेंडू येऊच न देणे हेही कोणाचे तरी काम होते. तबलजीच्या ठेक्याचे श्रेय गवयाला देऊ नये, तसे दहा जणांचे श्रेय अकराव्याला देऊ नये. तथापि याची दुसरीही बाजू आहे. बचाव करणारे चौघे खेळाकडे तोंड करून असतात तेव्हा त्यांच्या पाठीमागचे त्यांना दिसत नाही. सारे मैदान समोर असणारा एकच माणूस म्हणजे गोलरक्षक. तो ओरडून सांगतो, ‘डावा मोकळा आहे’, ‘मागे या’, ‘माझा चेंडू’. पाठीमागून येणारा हा आवाज विश्वासाचा असला की पुढचे निर्धास्त होतात. एका सामन्यात नशीब साथ देते, दोन सामन्यांत देईल. साडेनऊ तास नशीब एका दाराशी बसून राहत नाही. आकड्यातून मी एवढाच निष्कर्ष काढीन, आणि तो लहान नाही.

यानंतरचा प्रश्न काळाचा आहे. आपल्याकडे फुटबॉलच्या गोलरक्षकांत पहिले नाव निघते पीटर थंगराज यांचे, आणि ते योग्यच आहे. सहा फुटांहून उंच असा हा हैदराबादचा माणूस. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताचा चौथा क्रमांक आला, त्या संघात थंगराज आणि मुंबईचे एस. एस. नारायण असे दोन गोलरक्षक होते. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक मिळवले, तेव्हा गोलात थंगराज होते. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला १९६७ साली, खेळाच्या भरात. शंखवाळकर ज्या काळात आले, त्या काळी हे वैभव ओसरले होते. १९७० साली बँकॉकला मिळालेले कांस्यपदक हे आशियाई क्रीडास्पर्धेतील आपले फुटबॉलचे शेवटचे पदक. त्यांच्या कारकिर्दीला मोठ्या विजयाची पार्श्वभूमीच लाभली नाही.

टीकाकाराने येथे सावध राहावयास हवे. विजयी संघाचा गोलरक्षक मोठा दिसतो, कारण त्याच्या मागे विजय उभा असतो. पडत्या काळातल्या गोलरक्षकाच्या वाट्याला कामही अधिक आणि विस्मृतीही अधिक. थंगराज थोर होते यात शंका नाही. पण त्यांची थोरवी आणि त्या संघाची थोरवी आपण एकाच तागडीत तोलली आहे. शंखवाळकरांची थोरवी तोलावयाला तसे दुसरे वजनच नाही. ती एकटी तोलावी लागते. म्हणूनच कदाचित तिला पुरस्कार मिळावयास १९९७ साल उजाडावे लागले. तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. त्याच साली आमचे तळवडे महापालिकेत आले, म्हणून ते साल माझ्या चांगले ध्यानात आहे. आम्हालाही नळ आणि रस्ते मागाहूनच मिळाले.

याहून दारुण प्रकार ब्राझीलमध्ये घडला. १९५० च्या विश्वचषकाच्या निर्णायक सामन्यात रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेच्या घिग्गियाने मारलेला चेंडू गोलरक्षक बार्बोसा आणि जवळचा खांब यांच्या मधून आत गेला, आणि ब्राझील २-१ असा हरला. त्याआधीचा गोल घिग्गियाने चेंडू मध्ये टाकल्यामुळे झाला होता. या खेपेसही तो मध्येच टाकील, असे समजून बार्बोसा पाऊलभर पुढे सरकला होता. ते पाऊल तर्कशुद्ध होते. पण त्या एका पावलापायी त्याच्या साऱ्या कारकिर्दीवर पाणी पडले. २००० साली तो वारला, तोवर अर्धे शतक तो ‘त्या गोलाचा माणूस’ म्हणूनच ओळखला गेला. त्याने त्यापूर्वी अडवलेले शेकडो चेंडू कोणाच्याच हिशेबात नव्हते.

आपण ब्राझीलला हसू नये. कोंढाण्याच्या किल्लेदाराचे नाव आपल्या प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ आहे. ते पाठ आहे, कारण १६७० साली त्याच्या हातून किल्ला गेला. उदेभानाच्या आधी आणि नंतर किती किल्लेदारांनी किती रात्री किल्ले राखले, त्यांची नावे कोणत्या पोवाड्यात आहेत? दिवाळीत आमच्याकडे अंगणाअंगणांत मुले मातीचे किल्ले करतात. सिंहासनावरची मूर्ती सर्वांत आधी विकत येते. दाराशी उभा करावयाचा मावळा शेवटी, उरलेल्या पैशांत. त्याचा भाला मोडका असला तरी चालतो.

आणि तरीही आपल्याच इतिहासात याहून शहाणा निवाडा आहे. तोही आमच्या जवळचाच. तळवड्याहून इंद्रायणी ओलांडून उत्तरेला निघाले की पुढे चाकण लागते. आज तेथे मोटारींचे कारखाने आहेत. १६६० साली त्या चाकणच्या भुईकोटात फिरंगोजी नरसाळा मूठभर माणसांनिशी शायिस्ताखानाच्या प्रचंड सैन्यासमोर उभा होता. जवळजवळ दोन महिने त्याने कोट राखला. अखेर सुरुंगाने बुरूज उडाला आणि किल्ला द्यावा लागला. निकालाच्या रकान्यात पाहिले तर फिरंगोजी हरला. पण शिवाजी महाराजांनी त्याचा गौरव केला. त्यांनी मोजले ते हे, की कशाच्या विरुद्ध, किती साधनांनिशी आणि किती दिवस. गोलरक्षकाच्या कारकिर्दीला लावावयाची कसोटी हीच. झेप किती उंच, हे नव्हे, आणि शेवटी किल्ला गेला की राहिला, हेही एकटे नव्हे.

या कसोटीवर शंखवाळकरांची कारकीर्द मला पहिल्या दर्जाची वाटते. दोन दशके हा माणूस त्याच १९२ चौरस फुटांसमोर उभा होता. आजच्यासारखी प्रत्येक हालचाल पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहण्याची सोय तेव्हाच्या देशी सामन्यांना नव्हती. चुका दुरुस्त करावयाच्या त्या आठवणीवरच. राष्ट्रीय लीग सुरू झाली १९९६ साली. त्यांच्या कारकिर्दीची सारी बहराची वर्षे त्यापूर्वीची. वर्षाकाठी काही करंडक, मधल्या काळात राज्यातली लीग, आणि कारखानदाराच्या किंवा खाणमालकाच्या आश्रयावर चालणारे संघ. अशा व्यवस्थेत प्रतिभा चमकून जाते, पण टिकत नाही. ती टिकवणे हा त्यांचा खरा पराक्रम. गोव्यासारख्या छोट्या प्रदेशाने बंगालसारख्या फुटबॉलच्या माहेरघराशी बरोबरी केली ती काही एका झेपेने नव्हे.

आता हा विषय केवळ रसिकतेचा का नाही, ते सांगतो. आमच्या तळवड्यात रविवारी सकाळी मोकळ्या प्लॉटवर पोरे फुटबॉल खेळतात. ईशान्येकडून आणि बंगालमधून कामाला आलेल्या तरुणांनी हा नाद इथे आणला, आणि आमच्या मुलांनी तो उचलला. आमच्या शेजारी एक लेथवर काम करणारा गृहस्थ राहतो. त्याची तेरा वर्षांची मुलगी त्या प्लॉटवर गोलात उभी राहते. आधी मुलगी म्हणून तिला तेथे उभे केले. आता दुसऱ्या कोणाला उभे केले तर संघ हरतो, म्हणून ती उभी राहते. गेल्या पावसाळ्यानंतर एका संध्याकाळी तो मला म्हणाला, “काका, पोरगी म्हणते हेच करणार. यात पोट भरतं का?”

प्रश्न रोकडा होता, आणि त्याला रोकडे उत्तर देणे भाग होते. मी त्याला अमरिंदर सिंग यांची हकिकत सांगितली. पंजाबातल्या माहिलपूरचा हा मुलगा आधी गोल करणारा होता. शिक्षकांनी त्याला गोलात उभे केले. तेथून तो पुणे एफसी या संघाकडे आला. त्या संघाची अकादमी होती मामुर्डीत, म्हणजे आमच्यापासून हाकेच्या नाही, पण दुचाकीच्या अंतरावर. २०१६ साली इंडियन सुपर लीगमध्ये सर्वोत्तम गोलरक्षकाचा मान त्याने मुंबईकडून खेळताना मिळवला. २०२१ साली मुंबईने ती लीग जिंकली तेव्हा तो कर्णधार होता. तो अंतिम सामना झाला गोव्यातच, आणि महामारीमुळे रिकाम्या मैदानावर. मुलीसाठी आणखी एक नाव सांगितले. अदिती चौहान ही भारताची गोलरक्षक २०१५ साली लंडनच्या वेस्ट हॅमच्या महिला संघातून खेळली. म्हणजे वाट आहे.

पण वाटेवरचे खड्डेही सांगावयास हवे होते. ज्या पुणे एफसीने अमरिंदरला घडवले, तो संघ २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला होता. २०१५ साली त्याचा मोठा संघ बंद झाला. त्यानंतर एफसी पुणे सिटी आला, तोही २०१९ साली संपला. मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० सालीच मोडला होता. ज्या साळगावकर संघात शंखवाळकरांनी आयुष्याची उमेद घालवली, त्याने २०१६ साली राष्ट्रीय स्तरावरच्या आय-लीगमधून अंग काढून घेतले. यांतला कोणताही संघ खेळाडूंना गोल अडवता आले नाहीत म्हणून बंद पडला नाही. गोल राखणाऱ्याची उणीव आपल्याकडे नाही. संघ राखणाऱ्यांची आहे. एक करंडक न मिळाला, प्रेक्षक घटले, खर्चाचा आकडा वाढला, की मालकाला वाटते, ‘हे खाते एवढे मोठे कशाला?’ हा प्रश्न मी पूर्वी ऐकलेला आहे.

येथे टीकेची जबाबदारी येते. समाज कशाला दाद देतो, त्यावर पैसा कोठे जावयाचा ते ठरते. आपण केवळ झेपेला टाळ्या देत राहिलो, तर झेपेपुरतेच संघ निघतील आणि झेपेइतकेच टिकतील. रशियाचा लेव याशिन लहानपणी, युद्धाच्या दिवसांत, कारखान्यात काम करीत होता. १९६३ साली त्याला युरोपातल्या सर्वश्रेष्ठ फुटबॉलपटूचा ‘बॅलन डी’ऑर’ मिळाला. पुरुषांत तो मान मिळालेला तो आजवरचा एकमेव गोलरक्षक. साठांहून अधिक वर्षांत दुसरा एकही गोलरक्षक त्या लायकीचा झाला नाही, यावर माझा विश्वास नाही. दाद देणाऱ्यांना तो दिसला नाही, इतकेच.

आपल्याला मात्र न घडलेले पाहता येत नाही, असे म्हणण्याची सोय नाही. १९६४ साली मद्रासला बापू नाडकर्णींनी इंग्लंडविरुद्ध लागोपाठ २१ निर्धाव षटके टाकली. ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. एकही बळी नाही! तरी तो आकडा अजून घरोघरी सांगितला जातो. का? कारण क्रिकेटच्या धावफलकात निर्धाव षटकांचा एक रकाना असतो. जे घडले नाही ते लिहून ठेवण्याची जागा तेथे आहे. फुटबॉलच्या निकालात गोल करणाऱ्याचे नाव आणि मिनिट छापतात. ज्याने तो होऊ दिला नाही, त्याच्यासाठी रकाना नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. जिल्ह्याच्या लीगचा असो, शाळांच्या स्पर्धेचा असो, की रविवारच्या प्लॉटवरचा असो, निकाल लिहिताना शून्याच्या शेजारी गोलरक्षकाचे नाव लिहावे. ‘०’ एवढेच लिहून थांबू नये. ते शून्य कोणी राखले ते सांगावे. त्याने पोट भरेल असे मी म्हणत नाही. पण ज्याचे नाव लिहिले जाते, त्याचा शोध घेतला जातो, आणि ज्याचा शोध घेतला जातो, त्याच्यासाठी कोणीतरी केव्हातरी पैका काढतो, असा अनुभव आहे.

शेजाऱ्याला मी शेवटी काय सांगितले ते लिहितो. “शाळा सोडू देऊ नकोस, आणि तिला गोलातून काढूही नकोस. पुढे काय होईल ते तुझ्या-माझ्या हाती नाही. पण तिला हातमोजे चांगले घेऊन दे. आणि ती अडवते ते पाहायला जात जा.” तो म्हणाला, “पण काका, मला त्यातलं काही कळत नाही. गोल झाला तरच समजतं.”

“तेवढ्यासाठीच जा,” मी म्हणालो. “झाला नाही म्हणजे ती होती, असं समज.”

ब्रह्मानंद शंखवाळकरांच्या कारकिर्दीवरचा माझा अभिप्रायही याहून निराळा नाही. गोव्याच्या गोलासमोर साडेनऊ तासांहून अधिक काळ काही घडले नाही. ते तेथे होते.